अण्णांसाठी घेतलेला हेडफोन

आमच्या दुकानात कुणी काहीही मागायला आलं की मी आधी दोन प्रश्न विचारते. कशासाठी हवंय, आणि किती दिवस वापरणार? पंखा असो, इस्त्री असो, नाहीतर कानाला लावायचं काही असो, या दोन उत्तरांवर गिऱ्हाइकाने काय घ्यावं ते ठरतं. मालकांना माझी ही सवय आवडत नाही, कारण बरेचदा मी माणसाला स्वस्त वस्तूकडे वळवते. पण गिऱ्हाईक परत येतं ते माझ्या या सवयीमुळेच, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते काउंटरच्या त्या टोकाला मूग गिळून बसतात आणि मी या टोकाला शहाणपण वाटत असते.

हाडातून ऐकू येणारे हेडफोन दुकानात आले तेव्हा तर माझ्या शहाणपणाला ऊत आला. ही वस्तू कानात जातच नाही. कानाच्या जरा पुढे, गालाच्या हाडावर तिचे दोन चपटे गोळे टेकतात, मागून मानेवरून पट्टी जाते, आणि हाड थरथरवून आवाज आत पोचतो. कान मोकळेच राहतात, त्यामुळे गाणंही ऐकू येतं आणि मागून येणारी गाडीही. लोक हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि विचारायचे, "स्वस्तातला घ्यावा का हो? की नुसतीच फसवाफसवी?" मी सांगायचे, हा लावा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. आवाज वाढला तर माल खरा. आवाज गेला तर तो गालावर चिकटवलेला बारकासा स्पीकर आहे, बाकी काही नाही. मग चांगला कोटबिट घातलेला माणूस भर दुकानात कानांत बोटं खुपसून उभा राहायचा, आणि चेहऱ्यावर हसू फुटलं की मी पावती फाडायला घ्यायचे.

सुट्टीच्या दिवशी मी दुसरं काम करते. विंगेत उभी राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगते. हे काम मला अण्णांमुळे लागलं. अण्णा माझे वडील. त्यांचा जन्म रंगमंचावर गेला, त्यामुळे सगळं जगच त्यांना आपलं मानतं आणि अण्णा म्हणतं, मीसुद्धा. एके काळी ते आपली वाक्यं तर पाठ ठेवायचेच, पण समोरच्याचीही ठेवायचे, आणि कुणी अडलं की आपल्याच वाक्यात त्याचं वाक्य गुंफून त्याला अलगद बाहेर काढायचे. असे किती तरी नट त्यांनी तोंडघशी पडता पडता वाचवले. याचा त्यांना गर्व होता, आणि मला त्यांच्याहून जास्त.

मग ते स्वतःच अडायला लागले. आधी एखादा शब्द, मग अख्खं वाक्य. मी विंगेतून सांगायचे, पण अण्णांच्या कानांना आता विंगेतली कुजबूज पोचत नाही. जरा मोठ्याने सांगावं तर पहिल्या रांगेला ऐकू जातं आणि लोक माना वळवून विंगेकडे बघतात. नव्या नाटकात अण्णा घड्याळजी झालेत. म्हातारा घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करायला तयार नाही, बायको मागे लागलीय, एवढीच गोष्ट, पण सगळा भार त्यांच्यावर. दुसऱ्याच प्रयोगात ते इतका वेळ गप्प राहिले की प्रेक्षकांत खोकले सुरू झाले. दिग्दर्शक वयाने माझ्याहून लहान, पण काम चोख. त्याने मला एकटीला बाजूला घेतलं.

"ताई, तुम्हाला म्हणून आधी सांगतो. आणखी एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस उभा करावा लागेल. त्याची तयारी चालू आहे."

"अण्णांना सांगितलंत?"

"तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी मला युक्ती सुचली. हाडातून ऐकू येणारा हेडफोन अण्णांच्या नाटकातल्या केसांच्या टोपाखाली सहज लपला असता. कान मोकळे, म्हणजे बाकीच्या नटांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येणार. अण्णांचा फोन त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, मी विंगेतून माझ्या फोनवरून लावलेला कॉल सबंध अंकभर चालू. बोलायचं नसेल तेव्हा फोनवरचं बटण दाबून माझा आवाज बंद ठेवायचा, अण्णा अडले की उघडायचा, वाक्य सांगायचं, परत बंद करायचा. इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं.

दुकान उघडायच्या आधी मी काउंटरवर दोन डबे मांडले. एक स्वस्तातला, एक चांगल्यातला. दोन्ही लावून कानांत बोटं घातली. दोन्हींत आवाज वाढला, म्हणजे स्वस्तातलाही खरा होता, फसवाफसवी नव्हती. चांगल्यात बारीक आवाजही स्वच्छ येत होता, स्वस्तातला जरा भरड होता आणि आवाज वाढवला की गालाला झिणझिण्या आणत होता. मालक मागे उभे होते. म्हणाले, "घरचाच माणूस आहे, चांगला घेऊन जा. मी काय नफा लावणार आहे का तुला?"

मी सवयीप्रमाणे स्वतःला दोन्ही प्रश्न विचारले. कशासाठी? अडलं तर वाक्य ऐकायला. किती दिवस? आणि त्या प्रश्नावर मी घटकाभरही थांबले नाही. हे नाटक उतरलं की अण्णांना पुढचं कोण देणार? दिलं तरी अण्णा ते पेलणार कुठवर? पंख्याचा हिशोब करावा तसा मी बापाचा हिशोब केला, आणि स्वस्तातला डबा पिशवीत टाकला. चांगला डबा मालकांनी स्वतःच उचलून फडताळात परत ठेवला.

घरी तालीम घेतली. अण्णा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत, मी स्वयंपाकघरात ओट्याशी फोन घेऊन. पहिलं वाक्य बोलले तसे ते दचकले आणि मग लहान मुलासारखे हसायला लागले.

"अगं, तू तर माझ्या डोक्यातच येऊन बसलीस."

"ऐकू येतंय ना नीट?"

"गालावर मधमाशी बसल्यासारखं होतंय. पण येतंय."

अडचण वेगळीच निघाली. वाक्य कानी पडलं तरी अण्णा ते लगेच बोलत नव्हते. हे आपलंच वाक्य आहे ना, इथलंच आहे ना, असं मनात ताडून बघत होते, आणि त्या ताडून बघण्यातच त्यांचं बिंग फुटत होतं. मी म्हटलं, "अण्णा, विचार करायचाच नाही. मी सांगेन ते जसंच्या तसं बोलायचं." त्याची सवय व्हावी म्हणून मी दुकानातून माहितीपत्रकं आणली आणि स्वयंपाकघरातून त्यांतलं काहीही वाचायला लागले. बाहेरच्या खोलीत अण्णा मरणाच्या प्रसंगातला आवाज लावून म्हणायचे, "वापरण्यापूर्वी प्लग कोरडा असल्याची खात्री करा." थोडं थांबून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये." मी ओट्याला धरून हसायचे. कितीतरी दिवसांत आम्ही दोघं असं हसलो नव्हतो. शेवटी ते म्हणाले, "ठरलं मग. तू सांगायचं, मी बोलायचं. मध्ये माझी अक्कल पाजळायची नाही."

पुढचे प्रयोग बरे गेले. बरे म्हणजे निभावले. टोपवाल्या काकांनी टोपाच्या आतल्या बाजूला हेडफोनपुरती जागा कोरून दिली, तरी टोपाची कड गोळ्याला हाडावरून जरा उचलायचीच. मग आवाज वाढवावा लागायचा, आणि वाढवला की तो बाहेर झिरपायचा. नाटकातली बायको, म्हणजे ते काम करणारी बाई, एकदा चहा पिताना मला म्हणाली, "तुझं वाक्य त्यांच्याआधी मलाच ऐकू येतं गं. उद्या त्यांच्याऐवजी मीच बोलून टाकेन." ती चेष्टेत म्हणाली, मीही हसण्यावारी नेलं.

त्याहून मोठी खोड कुजबुजीची होती. विंगेत सांगणारी बाई नुसत्या श्वासावर बोलते, गळा वापरतच नाही. माझा तर त्यात हात कुणी धरणार नाही. पण या भरड हेडफोनातून श्वास पोचत नव्हता. अण्णा प्रयोगानंतर म्हणायचे, "फुसफुस येते, शब्द येत नाहीत. जरा गळ्यातून बोल ना." गळ्यातून बोलले तर प्रेक्षकांना ऐकू जाईल, म्हणून मी तोंडाशी शाल धरायचे आणि तरीही श्वासावरच बोलायचे. चांगला हेडफोन घ्यावा असं एकदा मनात आलंही होतं. पण चाललंय ना, मग कशाला, असं म्हणून मी तो विचार तिथेच सोडला.

मग एक दुपारचा प्रयोग आला. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख, अशा प्रयोगाला लोक जरा जडच असतात. दिग्दर्शक समोरच्या विंगेत हाताची घडी घालून उभा होता. तिसऱ्या रांगेत कडेला एक ओळखीचा चेहरा दिसला. ज्याची तयारी चालू होती तोच तो दुसरा माणूस. दिग्दर्शकाने त्याला अण्णांचं काम बघायला बोलावलं होतं. आज अण्णा अडले तर संपलंच, हे मला इतकं स्पष्ट कळत होतं की हातातला फोन घामाने निसटायला लागला.

माझ्या शेजारी प्रकाशयोजनेचा माणूस त्याच्या बटणांपाशी बसतो. दिवे कधी पुरेसे लावत नाही म्हणून आम्ही त्याला मिणमिण्या म्हणतो. मनाने साधा, पण तोंडाला झाकण नाही. मी आणलेला हेडफोन स्वस्तातला, हे त्यानेच डबा बघून ओळखलं होतं आणि तेव्हापासून मला चिडवत होता.

दुसऱ्या अंकातला तो प्रसंग आला. घड्याळजी घरचं भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि त्याला नवा काटा लावतो. काटा हलका, पत्र्याचा. बायको बघते आणि म्हणते, "लोकांच्या घड्याळांना चांगला काटा लावता, आणि घरच्या घड्याळाला हा असला?" त्यावर अण्णांनी म्हणायचं, "लोकांचं घड्याळ चुकलं तर लोक भांडायला येतात. घरचं चुकलं तर फक्त तू येतेस." इथे हमखास हशा असतो.

बायकोचं वाक्य झालं. अण्णांनी काटा उचलला आणि थांबले.

मी बटण उघडलं आणि श्वासावर वाक्य सांगितलं. अण्णांचा हात तसाच. परत सांगितलं, जरा हळू, एकेक शब्द सोडवून. अण्णांनी मान किंचित कलती केली. ही त्यांची खूण होती, फुसफुस येतेय, शब्द येत नाहीत. मी तिसऱ्यांदा सांगितलं. समोरच्या विंगेत दिग्दर्शकाने हाताची घडी सोडली. नाटकातली बायको अण्णांकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून अभिनय हळूहळू उतरत चालला होता.

तेवढ्यात मिणमिण्या माझ्या कानाशी वाकला. नुकतंच ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडात घोळत होतं. म्हणाला, "ताई, तुमचंही तसंच झालं की. दुकानात चांगला विकता, आणि घरच्याला हा असला?"

माझं डोकं फिरलं. अण्णांवर फिरलं, त्याच्यावर फिरलं, आणि तो म्हणाला ते खरं होतं म्हणून जास्तच फिरलं. मी त्याच्याकडे वळले आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्या माझ्या नेहमीच्या, गळ्यातल्या आवाजात खालच्या पट्टीत म्हणाले, "महागातला घेऊन करायचंय काय? किती दिवस राहिलेत आता?"

फोन माझ्या हनुवटीशीच होता. बटण उघडंच होतं.

मला ते लगेच कळलं नाही. मला आधी दिसली ती नाटकातली बायको. तिने एकदम डोळे उचलून विंगेकडे, थेट माझ्याकडे बघितलं. झिरपणारा आवाज तिला ऐकू गेला होता, अण्णांच्या बरोबरीनेच. आणि मग अण्णा बोलले.

"महागातला घेऊन करायचंय काय?" त्यांनी हातातला पत्र्याचा काटा दिव्याकडे धरून बघितला. बोटाने त्याचं टोक सरळ केलं. मग तो घड्याळावर बसवला आणि अगदी सहज, जेवायला काय आहे असं विचारावं तसं म्हणाले, "किती दिवस राहिलेत आता?"

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतून कुणाचा तरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. नाटकातल्या बायकोचं पुढचं वाक्य होतं ते तिच्याने बोलवेना. ती पुढे झाली आणि तिने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. हे नाटकात कुठेच नव्हतं. अण्णांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला, थोपटला, आणि तिथून पुढचा अख्खा प्रवेश माझ्याकडून एकही शब्द न घेता पार केला. पडदा पडला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला.

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. वेळ निभावली. मग बघितलं तर मिणमिण्या त्याची बटणं सोडून माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता. फोनवरचा हिरवा ठिपका चालूच होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो, ज्याच्या तोंडाला झाकण नाही तो, काही न बोलता उठून निघून गेला.

रंगपटात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण अण्णांचा हेडफोन उतरवायचं काम माझं. टोपवाले काका टोप काढून निघून गेले होते. अण्णा आरशासमोर बसून कापसाने चेहरा पुसत होते. त्यांच्या दोन्ही गालांवर, कानांच्या पुढे, गोळ्यांचे लाल वळ उठले होते. इतक्या प्रयोगांत मला ते कधी दिसले नव्हते, की दिसले होते आणि मी बघितले नव्हते, आता सांगता येणार नाही. त्यांनी हेडफोन स्वतःच काढला, कापसाने रंग पुसून स्वच्छ केला आणि माझ्या हातात दिला.

"आज आवाज एकदम स्पष्ट आला," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलणार तोच दिग्दर्शक आत आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"अण्णा, ते वाक्य आलं कुठून? अंगावर काटा आला माझ्या."

"हिने सांगितलं," अण्णा आरशातूनच म्हणाले.

"ताई, तुम्हाला सुचलं? तिथल्या तिथे?" त्याने अक्षरशः हात जोडले. "आम्ही नुसते हशे काढत बसलो होतो हो त्या जागी. आता ते वाक्य ठेवायचं. कायमचं. आणि अण्णा, तो दुसऱ्या माणसाचा विषय... म्हणजे तुम्हाला माहीत नसेल, पण आता तो विषयच नको."

"माहीत होतं," अण्णा म्हणाले. "तिसऱ्या रांगेत बसला होता. चांगला नट आहे."

बाजूच्या आरशासमोर नाटकातली बायको केसांतले आकडे काढत होती. तिने आरशातून माझ्याकडे एकदाच बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दिग्दर्शक माझं कौतुक करत होता, टोपवाले काका परत येऊन मान डोलावत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या तोंडून गेलेल्या त्या बोलण्याचं कुणी इतकं कौतुक करेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. सांगून टाकावं, ते वाक्य नव्हतं, मी ते माझ्या बापाबद्दल बोलले होते. पण सांगितलं असतं तर अण्णांची वाहवा माझ्या हाताने हिरावली गेली असती. निदान त्या क्षणी मी स्वतःला अशीच समजूत घातली.

घरी आम्ही चालत गेलो. अण्णा प्रयोगानंतर नेहमी चालत जातात, अंगातली भूमिका उतरायला वेळ लागतो म्हणतात. उन्हं कलली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक पाणी मारत होते. अण्णांनी माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली होती. कोपऱ्यावर वळताना मी धीर केला.

"अण्णा, मघाशी मी ते... ते मी तुम्हाला सांगत नव्हते. बटण उघडं राहिलं."

ते चालत राहिले. एका दाराशी झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून परत माझ्या बाजूला आले.

"तू सांगायचं, मी बोलायचं," ते म्हणाले. "असंच ठरलंय ना आपलं?"

"अण्णा, तसं नाही हो."

"मग झालं तर. घरी दूध आहे का? नसेल तर इथूनच घेऊ."

मी आहे म्हणाले. खरं तर नव्हतं. दुकानात शिरून त्यांच्यासमोर उभं राहण्याची मला हिंमत नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि पदर खोचून कामाला लागावं तशी थेट फडताळाकडे गेले. चांगल्यातला डबा काढला. मालक नाकावरचा चष्मा खाली करून बघत राहिले. "काय गं, तो बिघडला?" मी म्हटलं, "बिघडला नाही." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्याच आठवड्यात एक माणूस आला. स्वस्तातला हाडाचा हेडफोन हातात घेऊन त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला, घ्यावा का? मी विचारलं, कशासाठी हवाय? म्हणाला, "आईसाठी. तिला कानात काही घातलं की घाबरल्यासारखं होतं." माझा दुसरा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. मी तो गिळला आणि त्याला सगळं खरं सांगितलं. वस्तू खोटी नाही. रस्त्याने चालताना, भांडी घासताना, गाणी ऐकायला हा पुष्कळ झाला, उगाच जास्तीचे पैसे घालू नका. पण आवाज वाढवला की गालाला झिणझिण्या येतात, शेजारी बसलेल्याला सगळं ऐकू जातं, आणि मऊ आवाजात कुणी बोललं तर ते यातून पोचत नाही. मोठ्याने बोललेलं तेवढं नीट पोचतं. तो म्हणाला, "घरात मोठ्याने बोलणारा मीच. तेवढंच तिला पोचायला नको." आणि स्वतःच हसून चांगल्यातला घेऊन गेला. तेव्हापासून मी दुसरा प्रश्न विचारत नाही. मालक आता माझ्यावर खूश असतात, आणि त्यांची ती खुशी मला टोचते.

नवा हेडफोन अण्णांना दिला तेव्हा त्यांनी तो लावला, मी फोनवरून काहीतरी पुटपुटले, आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने दोन्ही कानांत बोटं घातली. माझी दुकानातली युक्ती त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. "वाढला," ते म्हणाले. जुना का बदलला, हे त्यांनी विचारलं नाही. जुना मी फेकायला काढला होता, तो मात्र त्यांनी मागून घेतला आणि रोज सकाळी बाल्कनीत बातम्या ऐकायला लावतात. आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे स्वयंपाकघरात मला सगळ्या बातम्या ऐकू येतात.

नाटक अजून चालू आहे. अण्णांचं विसरणं वाढलंय. आता तर जवळजवळ प्रत्येक वाक्य मला सांगावं लागतं, अगदी आत येताना म्हणायचं ते पहिलं वाक्यसुद्धा. नव्या हेडफोनातून माझा नुसता श्वासही त्यांना पोचतो, आणि ते क्षणाचाही विचार न करता बोलतात. बघणाऱ्याला वाटतं, काय पाठांतर आहे या वयात. मिणमिण्या बाजूला बसून दिवे सांभाळतो आणि माझी चेष्टा करत नाही. नाटकातल्या बायकोने मला अजून काही विचारलेलं नाही, पण त्या प्रसंगात ती दर वेळी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवते.

तो प्रसंग आला की मी फोन उचलते. बायको म्हणते, घरच्या घड्याळाला हा असला? अण्णा पत्र्याचा काटा उचलतात. मी बटण उघडते, श्वास घेते, दर प्रयोगाला घेते, कारण काम आहे माझं, सांगावं लागलं तर ते वाक्य मला माझ्या तोंडाने परत सांगावंच लागेल. पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत, चांगल्यातला हेडफोन टोपाखाली घातलेले अण्णा काटा दिव्याकडे धरतात आणि आपणहून म्हणतात, "महागातला घेऊन करायचंय काय? किती दिवस राहिलेत आता?" सगळ्या नाटकात तेवढं एकच वाक्य त्यांना सांगावं लागत नाही.